एल्डन रिंग: अगील ड्रॅगन पुन्हा पुन्हा मारतो, काय चुकतंय? (समस्या निवारण)

लिमग्रेव्हच्या तळ्यात शिरायचं, मधल्या शेकोटीकडे जायचं, तेवढ्यात आभाळातून 'फ्लाइंग ड्रॅगन अगील' झेपावतो. आधी शेकोटीभोवतीची माणसं जाळतो आणि मिनिटभरात आपल्यालाही. ग्रेसपासून (मेल्यावर जिथून परत सुरू होतं ती जागा) परत घोडा हाकायचा, परत तेच. एल्डन रिंग २०२२ च्या फेब्रुवारीत आला, तरी ठाणे-वाशीकडच्या नव्या खेळाडूंचा प्रश्न अजून त्याच शब्दांत येतो: "खाली असला की जाळतो, वर गेला की हात पोचत नाही. मग मारायचा कधी?"

तो वर असताना मारायचा नाहीच. हवेतला वेळ जीव भरणारा फ्लास्क प्यायचा, स्टॅमिना भरून घ्यायचा आणि तो कुठे उतरतोय ते बघायचा. मारायचा तो टेकल्यावर, आणि तेही डोक्यावर. ज्यांना जमत नाही ते बहुतेक वेळा नेमकं उलटं करतात: उडाला की मागे धावतात आणि उतरला की फ्लास्क काढतात. शस्त्र कमी पडतंय असं वाटत असलं, तरी शस्त्राकडे सगळ्यात शेवटी बघा. आधी कॅमेरा, मग घोडा, मग उभं राहायची जागा.

तयारी, पण मोजकी

अगील मारल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही असं काही नाही. तो वाटेतला ऐच्छिक बॉस आहे. तळ्याच्या दक्षिणेला कमानीखाली बसलेला युरा आधीच सांगतो की इथल्या ड्रॅगनपासून लांब राहा. पहिल्या तासात तिथे पोचला असाल आणि एका फुंकरीत मरत असाल, तर तो तुमच्या हाताचा दोष नाही. लेव्हल २० ते ३० च्या दरम्यान, व्हिगर (जीव वाढवणारा गुण) २० च्या आसपास आणि शस्त्र +३, म्हणजे तीन पायऱ्या सुधारलेलं असेल, तर लढाई वाजवी होते.

+३ करायला स्मिदिंग स्टोन [१] एकूण १२ लागतात: पहिल्या पायरीला २, दुसरीला ४, तिसरीला ६. तळ्याच्या उत्तर काठावरच्या लिमग्रेव्ह टनेल्समध्ये हे दगड भिंतींना चिकटलेले सापडतात. चर्च ऑफ एलेहमधल्या ऐरणीवर +३ पर्यंतचं काम होतं, पुढच्या पायरीसाठी राउंडटेबल होल्डमधल्या लोहाराकडे जावं लागतं.

आगीसाठी एकच वस्तू आवर्जून घ्या: फ्लेमड्रेक टॅलिस्मन. चर्च ऑफ एलेहपासून जवळच ग्रोव्हसाइड केव्ह आहे. आत आधी लांडगे, शेवटी फारूम अझुलाचा पशुमानव. त्याला मारला की हे टॅलिस्मन मिळतं आणि आगीचा मार १३ टक्क्यांनी कमी होतो. आकडा लहान दिसतो, पण ज्या फुंकरीने मरत होतो तिच्यातून थोडा जीव घेऊन बाहेर पडायला तेवढा फरक अनेकदा पुरतो.

सुरुवातीला फ्लास्क ४ असतात, त्यातला एक निळा (जादूसाठी), बाकी लाल (जीव भरणारे). तलवार-भाल्याने खेळत असाल तर ग्रेसवर बसून चारही लाल करून घ्या. थर्ड चर्च ऑफ मारिका गाठलं की तिथला सेक्रेड टिअर वापरून प्रत्येक घोटाची ताकदही वाढते. आणि लढाईला जाण्याआधी हातातले रून्स (लेव्हल वाढवायला आणि खरेदीला लागणारं चलन) खर्च करून टाका. तळ्यात मेलात की ते तिथेच पडतात, आणि उचलण्याआधी पुन्हा मेलात की गेले.

"तो कुठे गेला तेच कळत नाही"

सगळ्यात जास्त मरणं इथे होतात, म्हणून थोडं सविस्तर.

आर३ (गेमपॅडची उजवी काडी) दाबून लॉक-ऑन केलं की कॅमेरा ड्रॅगनला बांधला जातो. माणसाएवढ्या शत्रूसाठी हे उत्तम. पण अगील वर उडाला की कॅमेराही आभाळाकडे बघू लागतो. घोडा, पाणी, समोरचे दगड सगळं पडद्याच्या खाली जातं आणि आपण कुठल्या दिशेने पळतोय तेच कळेनासं होतं. तो पोटाखाली घेऊन उभा असेल तर आणखी वाईट: कॅमेरा पंखात नाहीतर पायात अडकतो आणि पडदाभर फक्त खवले दिसतात. पुढचा पाय उचललेला दिसत नाही, कारण पायच दिसत नाही.

म्हणून घोड्यावर असताना लॉक-ऑन बंद ठेवा. डाव्या काडीने घोडा, उजव्या अंगठ्याने कॅमेरा. पहिली दहा मिनिटं विचित्र वाटतं, मग सवय होते. हे ड्रॅगनसमोर शिकायला जाऊ नका. आधी रिकाम्या माळावर एखाद्या झाडाभोवती घोड्याने फेऱ्या मारा आणि झाड सतत पडद्याच्या मध्यावर ठेवायचा सराव करा. माउस वापरणाऱ्यांना हे सोपं जातं, कारण त्यांचा हात तसाही कॅमेऱ्यावरच असतो.

सेटिंग्जमध्ये कॅमेरा स्पीड मुळात ५ असतो. तो ७ करून बघा. ड्रॅगन डोक्यावरून पलीकडे गेल्यावर मागे वळून बघायला ५ वर फार वेळ लागतो. ८ च्या वर बऱ्याच जणांचा नेम ढळतो, तेव्हा तिथे थांबा.

लॉक-ऑन पायी असताना किंवा लांबून बाण-जादू मारताना वापरा. लावलं तर खूण कुठे बसली ते बघा. अगीलच्या अंगावर खूण बसायच्या एकाहून जास्त जागा आहेत, आणि ती पायावर किंवा धडावर बसली असेल तर उजवी काडी हलकी झटकून डोक्यावर आणा. "मी मारतोय पण (त्याच्या जीवाची) पट्टी हलत नाही" या तक्रारीचं मूळ बरेचदा एवढंच असतं: खूण पायावर आहे. डोक्यावर बसलेला घाव पायावरच्या घावापेक्षा बराच जास्त लागतो.

कान उघडे ठेवा. उडण्याआधी पंखांची जोरदार फडफड ऐकू येते आणि तो कॅमेऱ्यात नसला तरी आवाजावरून दिशा कळते. मे महिन्यात डोक्यावर पंखा फुल स्पीडवर असताना टीव्हीच्या स्पीकरवर हे निसटतं, हेडफोन लावा.

घोड्यावरून घाव हवेतच का जातात

टॉरेंटवर, म्हणजे आपल्या घोड्यावर, बसल्यावर आर१ उजव्या बाजूला वार करतो आणि एल१ डाव्या बाजूला. दोन्ही वेळा शस्त्र तेच, उजव्या हातातलं. ड्रॅगन तुमच्या डावीकडे असताना आर१ दाबत राहिलात तर तलवार पलीकडच्या हवेत फिरते. म्हणून ठरवून एकच बाजू धरा. सुरुवातीला ड्रॅगन नेहमी उजवीकडे राहील अशीच वाट घ्या. एक बाजू हातात बसली की दुसरी.

शस्त्राची लांबीही बघा. घोड्यावरून खंजीर पोचत नाही. व्हॅगाबाँड म्हणून सुरुवात केली असेल तर तुमच्याकडे हॅल्बर्ड आहेच, आणि लाँगस्वर्डपेक्षा इथे तोच जास्त उपयोगी पडतो. सामुराईचा उचिगाताना चालतो, शिवाय त्याच्या घावांनी रक्तस्राव साचत जातो.

वाट कशी घ्यायची? मराठी चारचा आकडा डोळ्यासमोर आणा: ४. वर जिथे दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे ड्रॅगनचं डोकं. एका बाजूने तिरपं यायचं, डोक्याजवळून जाताना एक घाव, फार तर दोन, आणि न थांबता पुढे. खालचा गोल म्हणजे तुमचं वळण. ते लांब जाऊन, मोठं घ्यायचं, आणि दुसऱ्या रेघेने परत डोक्याकडे. समोरून नाकावर सरळ जाऊ नका, फुंकर तिथेच येते. मागून येऊ नका, शेपटीचा फटका बसतो. वळण आखूड घेतलं तर तुम्ही त्याच्या पुढच्या पायांत अडकता.

आर२ धरून ठेवला की शस्त्र जमिनीवर घासत जातं आणि सोडल्यावर भारी वार बसतो. तो उतरायच्या क्षणासाठी राखून ठेवा. कुठे टेकणार ते दिसलं की लांबूनच आर२ धरून दौड सुरू करा आणि डोक्याशी पोचताना सोडा. चांगला एक वार जमला की चार घाईच्या वारांपेक्षा जास्त काम होतं.

लढाईत घोड्याची जोरदार दौड तुमचाच स्टॅमिना खाते. वार करताना तो संपलेला असेल तर पळायला उरत नाही. दौडीचं बटण सतत दाबून ठेवायची सवय असेल तर ती इथे मोडावी लागेल.

टॉरेंटला त्याचा स्वतःचा जीव आहे. तो मेला की तुम्ही खाली पडता आणि क्षणभर उठता येत नाही. अगील नेमका तेव्हाच फुंकर मारत असेल तर संपलं. परत बोलवायला लाल फ्लास्कचा एक घोट द्यावा लागतो. त्यामुळे घोडा अर्धमेला झालाय असं दिसलं तर अगील उडालेला असताना त्याला रोआ रेझिन खायला घाला. घोड्याला बोलवायची शिट्टी पाउचमध्ये वरच्या खणात ठेवा. त्रिकोण किंवा वाय धरून वरची दिशा दाबली की झालं. भर लढाईत वस्तूंच्या रांगेत शिट्टी शोधणं हेच अनेकांच्या मरणाचं कारण असतं.

आग

फुंकर मारण्याआधी तो डोकं आणि मान मागे खेचतो आणि तोंडात ज्वाळा दिसते. इथून पुढे तुमच्याकडे साधारण एक श्वास घेण्याएवढा वेळ असतो. तुम्ही मानेच्या बाजूला, जवळ असाल तर त्याच्या कुशीकडे, म्हणजे पुढच्या पायाच्या मागे सरका. तिथे आग पोचत नाही. समोर लांब असाल तर आडवे पळा. सरळ मागे पळू नका, कारण आग लांबवर जाते आणि ती तुमच्याच रेषेत येते.

उडत येऊन जमिनीवर आगीचा पट्टा ओढत जातो तेव्हाही तेच. घोडबंदर रोड ओलांडताना कंटेनर अंगावर आला तर आपण त्याच्या पुढे पुढे सरळ धावत नाही, बाजूला होतो. तसंच. त्याची येण्याची रेघ बघा आणि तिला काटकोनात घोडा फेका. टॉरेंटची दुहेरी उडी इथे वाचवत नाही, उलट हवेत असताना दिशा बदलणं जड जातं.

लपायला तळ्याजवळचे ड्रॅगन-बर्न्ट रुइन्स बरे वाटतात. भिंतींच्या आडोशाने थोडी आग चुकतेही. पण तिथल्या तळघरातली पेटी उघडू नका. ती सापळा आहे. धूर येतो आणि तुम्ही थेट केलिडमधल्या सेलिया क्रिस्टल टनेलमध्ये जाऊन पडता. बोगद्याबाहेर पडेपर्यंत नकाशावरून परत येता येत नाही आणि तिथले शत्रू या लेव्हलला झेपत नाहीत.

पाण्याबद्दल अनेकांना उगाच धास्ती असते. ठाण्यात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात तळं म्हणजे तलावपाळी किंवा उपवन, काठावरून बघायचं पाणी. अगीलचं तळं तसं नाही. ऐरोलीच्या बाजूला खाडीत ओहोटीला फ्लेमिंगो उभे राहतात तसं घोट्याएवढं पाणी आहे. घोडा सगळीकडे धावतो. उलट तळ्याच्या मध्यावरच लढा, कारण तिथे मोकळी जागा सगळ्यात जास्त आहे. काठाच्या दगड-झाडांत घोडा अडखळतो.

पायी लढायचं असेल तर

आधी वजन बघा. इक्विप लोड ७० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर रोल जड होतो आणि फुंकरीतून निसटणं जवळपास अशक्य. चिलखताचा एखादा भाग काढा. इथे चिलखतापेक्षा हलकं अंग कामाचं.

पोटाखाली उभं राहून पाय तोडत बसायचा मोह होतो, कारण तिथे सुरुवातीला सुरक्षित वाटतं. फार वेळ थांबलात की तो पाय आपटतो किंवा वर झेपावतो, आणि तुम्हाला तिथून काहीच दिसत नसतं. दोन घाव घाला आणि बाहेर या. तिसऱ्या घावाची हाव महाग पडते.

डोक्यावर सलग घाव बसत गेले की एका क्षणी तो ढासळतो, डोकं जमिनीला टेकतं आणि डोळ्याजवळ चकाकणारी खूण दिसते. घोड्यावर असाल तर एल३ दाबून लगेच उतरा, खुणेसमोर जा आणि आर१. हा वार घोड्यावरून बसत नाही. अनेक जण ही संधी घोड्यावरून नेहमीचे वार करण्यात घालवतात. खूण फार वेळ राहत नाही, म्हणून तो ढासळला तेव्हा लांब असाल तर घोड्यानेच जवळ जा आणि मग उतरा.

बाण आणि जादू

ही वाट सावकाश आहे पण सुरक्षित. सामुराईकडे सुरुवातीपासून लाँगबो असतो, ॲस्ट्रोलॉजरकडे ग्लिंटस्टोन पेबल. दोन्ही घोड्यावरून चालतात. बाण जवळ जास्तीत जास्त ९९ ठेवता येतात. निघण्याआधी मोजून घ्या, अर्ध्यावर संपले तर सगळी मेहनत गेली. उडत असताना मारू नका, बहुतेक बाण मोकळे जातात. तो टेकून वळत असतो तेव्हा डोक्यावर. जादूवाल्यांनी फ्लास्क निम्मे निळे करून घ्यावेत. फार लांब गेलात तर बॉसची पट्टी पडद्यावरून नाहीशी होते, तेव्हा दिसेल एवढंच अंतर ठेवा.

मित्राला बोलावताना

कळव्याचा मित्र आणि घणसोलीचे तुम्ही, दोघांनी मल्टिप्लेअर सेटिंग्जमध्ये एकच पासवर्ड टाका. बोलावणाऱ्याने फर्लकॉलिंग फिंगर रेमेडी वापरायची, म्हणजे खुणा दिसतात. येणाऱ्याने टार्निश्ड्स फर्ल्ड फिंगरने खूण मांडायची. एवढं जमल्यावर मुख्य गोष्ट लक्षात ठेवा: मल्टिप्लेअरमध्ये टॉरेंट येत नाही. वर लिहिलेली घोड्याची सगळी युक्ती बाजूला पडते आणि दोघांनाही पायी लढावं लागतं. मग एकाने समोर राहून त्याचं तोंड आपल्याकडे ओढायचं आणि दुसऱ्याने बाजूने डोक्याशी जायचं. बोलावणारा मेला की खेळ तिथेच संपतो, म्हणून समोर राहायचं काम पाहुण्याचं. आणि बोलावलेला मित्र असताना परका खेळाडू आक्रमण करून येऊ शकतो, तेही धरून चाला.

चूक तुमची नाही, मशीनची असेल तर

फुंकर सुरू झाली की चित्र अडखळतं आणि रोल उशिरा होतो, ही तक्रार पीसीवर नेहमीची. या खेळाला किमान १२ जीबी रॅम आणि ३ जीबीचं जीटीएक्स १०६० लागतं. त्याच्या आसपासचं मशीन असेल तर इफेक्ट्स क्वालिटी, व्हॉल्युमेट्रिक क्वालिटी, वॉटर सरफेस क्वालिटी आणि ग्रास क्वालिटी या चार गोष्टी खाली आणा. ड्रॅगन, आग, पाणी आणि गवत एकत्र येतात ते इथेच, त्यामुळे फरक लगेच जाणवतो. टेक्श्चर शेवटी कमी करा. खेळ ६० फ्रेम्सच्या वर जात नाही, तेव्हा त्याहून जास्त मिळवायच्या मागे लागू नका, स्थिर फ्रेम्स हव्यात.

लॅपटॉप पहिली पंधरा मिनिटं छान चालून मग अडखळत असेल तर ती उष्णता आहे. गादीवर ठेवून खेळू नका, मागून वर उचला, जाळ्यांतली धूळ काढा. आपल्याकडच्या दमट उन्हाळ्यात हे दर दोन-तीन महिन्यांनी करावं लागतं. टीव्हीवर खेळत असाल तर गेम मोड चालू करा. नाहीतर बटण दाबल्यापासून रोल होईपर्यंत जो उशीर होतो तो तुम्हाला स्वतःची चूक वाटत राहतो.

पावसाळ्यात वीज जाते. खेळ स्वतः सतत सेव्ह करत असतो, पण मधेच वीज गेली तर सेव्ह फाइल बिघडायची भीती असते. पीसीवर ॲपडेटाच्या रोमिंग फोल्डरमध्ये एल्डन रिंग नावाचा फोल्डर आहे. मोठ्या लढाईआधी खेळ बंद करून त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा.

मेल्यावर, आणि पुढचे ड्रॅगन

अगील मेला की ५,००० रून्स आणि एक ड्रॅगन हार्ट मिळतं. हृदय विकायची वस्तू नाही. किनाऱ्यावरच्या कोस्टल केव्हमधून पलीकडच्या बेटावर चर्च ऑफ ड्रॅगन कम्युनियन लागतं, तिथे ते देऊन ड्रॅगनची मंत्रविद्या घेता येते. ती वापरायला फेथ आणि आर्केन लागतात. ते वाढवणार नसाल तर घाई नको, हृदय जपून ठेवा.

हीच पद्धत पुढे चालते, बदलते ती फक्त फुंकर. लिउर्नियातला स्मराग जादूची फुंकर मारतो, तिथे फ्लेमड्रेक काढून स्पेलड्रेक टॅलिस्मन घाला. केलिडमधला एक्झायकीस स्कार्लेट रॉट (हळूहळू जीव खाणारी सड) पसरवतो, त्याच्या ढगातून घोडा लगेच बाहेर काढा. डोंगरावरचा बोरिआलिस बर्फ फुंकतो आणि धुक्यात दिसतही नाही, तिथे कान जास्त कामाला येतात. लिउर्नियातला अडूला अर्ध्याच्या आसपास जीव उरला की उडून निघून जातो. तो बग नाही आणि तुमची मेहनतही वाया गेलेली नाही. रान्नी या पात्राच्या गोष्टीत पुढे मूनलाइट आल्टरला पोचलात की तो तिथे पुन्हा भेटतो, आणि तिथे शेवटपर्यंत लढतो.